रोज दोनशे प्रश्न सोडवूनही गुण का वाढत नाहीत?

राज्यसेवा पूर्व परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: पुस्तकांची दोन-तीन वाचनं झाली, रोज दीडशे-दोनशे सराव प्रश्न सोडवतो, तरी टेस्ट सिरीजमध्ये पेपर एकचे, म्हणजे सामान्य अध्ययनाचे, गुण 200 पैकी नव्वदच्या आसपासच घुटमळतात. आता प्रश्न वाढवू, पुन्हा पुस्तकं वाचू, की आणखी एक टेस्ट सिरीज लावू?

या तिन्हींपैकी काहीही करू नका. उलट रोजचे प्रश्न पन्नासवर आणा आणि वाचलेला वेळ ते पन्नास प्रश्न तपासण्यात घाला. बरीच वर्षं या परीक्षांच्या विद्यार्थ्यांबरोबर काम करताना मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की गुण अडकलेले असतात तेव्हा अडचण बहुतेक वेळा प्रश्न सोडवून झाल्यानंतरच्या अर्ध्या तासात असते. विद्यार्थी उत्तरतालिका काढतो, बरोबर-चूक खुणा करतो, बेरीज करतो, चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण एकदा वाचतो, "अरे हो, हे तर येत होतं" म्हणतो आणि पुढच्या संचाकडे वळतो. रोज ताप मोजायचा आणि औषध मात्र घ्यायचं नाही, तसं हे चालतं.

सराव प्रश्न दोन कामं करतो, आणि दोन्ही वेगळी आहेत. पहिलं काम म्हणजे वाचलेलं डोक्यातून बाहेर काढायला लावणं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना 81 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 75 टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे 42 टक्के उरलं होतं, लिहून काढणाऱ्यांकडे 56 टक्के. म्हणून मी तुम्हाला चौथ्या वाचनाकडे पाठवत नाही. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण "येतंय" समजतो.

प्रश्नाचं दुसरं काम म्हणजे भोक नेमकं कुठे आहे ते दाखवणं. रोज दोनशे प्रश्न उरकणाऱ्याला पहिल्या कामाचा थोडा फायदा मिळतो, दुसऱ्याचा जवळजवळ नाहीच. तुमचे गुण एकाच जागी थांबले आहेत ते यामुळे.

आता प्रश्न कोणते घ्यायचे ते पाहू. सुरुवात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जुन्या पेपरांपासूनच करा. ते आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. उत्तरतालिका घेताना मात्र पहिली घेऊ नका, अंतिम घ्या. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती येतात, मग काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. जुन्या प्रश्नांच्या काही संग्रहांत पहिल्याच तालिकेतली उत्तरं राहून गेलेली असतात आणि विद्यार्थी चुकीचं उत्तर पाठ करून बसतात. प्रश्नपुस्तिकेचा संच ए आहे की बी, सी, डी, तेही जुळवून घ्या. गोष्ट साधी आहे, पण त्यात गफलत झाली तर सगळा पेपर उगाच चुकलेला दिसतो.

जुने पेपर आधी विषयवार सोडवा. राज्यव्यवस्थेचे सगळ्या वर्षांचे प्रश्न एका ओळीत ठेवले, की आयोग कुठल्या कलमांवर पुन्हा पुन्हा येतो, कुठे आकडा विचारतो आणि कुठे अपवाद, ते दिसायला लागतं. सगळ्यात अलीकडचे दोन पेपर मात्र बाजूला ठेवा. ते परीक्षेच्या तोंडावर पूर्ण वेळ लावून सोडवायचे आहेत, तोवर त्यातला एकही प्रश्न डोळ्यांखालून जाऊ देऊ नका.

टेस्ट सिरीजचे प्रश्न त्यानंतर. त्यांचा उपयोग नक्की आहे, पण त्यांच्यावरून स्वतःची पातळी ठरवू नका. काही सिरीज मुद्दाम अवघड असतात, काहींत चालू घडामोडींचा भडिमार असतो, काहींची उत्तरं सरळ चुकीची असतात. एखाद्या उत्तराबद्दल शंका आली तर मूळ पुस्तक किंवा अधिनियम उघडा. त्यात गेलेली दहा मिनिटं वाया जात नाहीत, कारण असा शोधून काढलेला मुद्दा सहसा विसरत नाही.

सोडवण्याच्या पद्धतीतही एक-दोन बदल करा. सरळ प्रश्न असेल तर पर्याय हाताने झाका, उत्तर मनात आणा आणि मगच पर्याय बघा. पर्याय समोर असले की मेंदू आठवायचं काम सोडून ओळखायचं काम करतो. विधानांचा प्रश्न असेल तर "फक्त अ आणि क" वगैरे पर्यायांकडे जाण्याआधी प्रत्येक विधानापुढे बरोबर, चूक किंवा माहीत नाही अशी खूण करा. परीक्षेत पर्यायांच्या रचनेवरून उत्तर गाठणं हे कौशल्य आहे, ते वापरायचंच. पण सरावात आधी आपल्याला खरोखर किती येतं ते कळू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक उत्तराच्या शेजारी एक अक्षर लिहा. खात्री असेल तर ख, दोन पर्यायांत अडकून एक निवडला असेल तर द, निव्वळ तुक्का असेल तर त. हे अक्षर उत्तरतालिका बघण्याआधी लिहायचं. उत्तर कळल्यावर प्रत्येकालाच वाटतं, की आपल्याला ते येत होतं.

या अक्षरांमुळे तपासणीचं स्वरूपच बदलतं. समजा 90 प्रश्न सोडवले, 55 बरोबर आले, 35 चुकले. प्रत्येकी 2 गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण वजा. तेव्हा 110 मधून 17.5 गेले आणि 92.5 उरले. तुमचे गुण साधारण इथेच आहेत. आता त्या 55 पैकी किती ख होते? तीसच असतील, तर उरलेले 25 तुमच्या हातात नाहीत. पुढच्या पेपरात त्यातले दहा उलटे पडू शकतात. दुसरीकडे, चुकलेल्या 35 मध्ये काही ख सापडतील. म्हणजे पूर्ण खात्रीने दिलेली चुकीची उत्तरं. तपासणीची सुरुवात त्यांच्यापासून करा, कारण न येणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस सावध असतो, चुकीचं पक्कं झालेल्या गोष्टीबद्दल नसतो. त्यानंतर बरोबर आलेले द आणि त. चुकलेले त सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम लावतात आणि नशिबाने बरोबर आलेल्या प्रश्नांकडे तर वळूनही बघत नाहीत.

चुकलेल्या एका उत्तराचं रूपांतर बरोबर उत्तरात झालं, की वजा होणारा अर्धा गुण वाचतो आणि दोन मिळतात, म्हणजे अडीच गुणांचा फरक पडतो. असे दहा प्रश्न सुधारले तर वरचे 92.5 गुण 117.5 होतात. त्यासाठी नवा विषय लागत नाही, नवं पुस्तक लागत नाही.

तपासणी म्हणजे नेमकं काय, ते एका प्रश्नावरून दाखवतो. 73व्या, म्हणजे पंचायत राजच्या, घटनादुरुस्तीबद्दल तीन विधानं आहेत: (अ) ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली, (ब) तिने अकरावं परिशिष्ट जोडलं, (क) त्या परिशिष्टात 18 विषय आहेत. उत्तर: फक्त अ आणि ब. विद्यार्थ्याने "वरील सर्व" निवडलं. स्पष्टीकरणात लिहिलेलं असतं, की अकराव्या परिशिष्टात 29 विषय आहेत. विद्यार्थी वहीत "11वे परिशिष्ट: 29" असं लिहितो आणि पुढे जातो.

पण त्याला 18 बरोबर का वाटलं? आकडा ओळखीचा होता म्हणून. तो बाराव्या परिशिष्टाचा, म्हणजे नगरपालिकांबद्दलच्या 74व्या घटनादुरुस्तीचा आहे. तेव्हा 29 माहीत नसणं ही खरी चूक नव्हतीच, दोन घटनादुरुस्त्या एकमेकींत मिसळल्या होत्या. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी मांडायला हव्यात. 73वी: भाग 9, कलम 243 ते 243-ओ, अकरावं परिशिष्ट, 29 विषय, 24 एप्रिल 1993. 74वी: भाग 9-ए, कलम 243-पी ते 243-झेडजी, बारावं परिशिष्ट, 18 विषय, 1 जून 1993. आता विधान (क) मध्ये 18 दिसलं, तरी ते ओळखीचं वाटून फसवणार नाही, कारण त्याचं घर तुम्हाला ठाऊक आहे.

इथेच थांबू नका. पंचायत राजमध्ये आणखी काय काय एकमेकांत मिसळू शकतं? समित्या. बलवंतराय मेहता समिती 1957 ची, त्रिस्तरीय रचना, भर मधल्या स्तरावर, म्हणजे पंचायत समितीवर. महाराष्ट्रातली वसंतराव नाईक समिती 1960 ची, रचना त्रिस्तरीयच, पण भर जिल्हा परिषदेवर. अशोक मेहता समिती 1977 ची, द्विस्तरीय. आपल्याकडे जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम 1961 चा, तर ग्रामपंचायतीचा अधिनियम त्याच्या आधीचा, 1958 चा. आणि 1 मे 1962 पासून त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. यातली कुठलीही दोन वर्षं अदलाबदल केली की नवं चुकीचं विधान तयार होतं. प्रश्न काढणारा हेच करतो. तुम्हीही करून बघा: एक बरोबर विधान घ्या, त्यातली एकच गोष्ट बदला आणि दोन दिवसांनी स्वतःला विचारा. एका चुकलेल्या प्रश्नातून असे सात-आठ प्रश्न निघतात. दोनशेचा हिशोब असाही पूर्ण होतो, आणि हे प्रश्न तुमच्याच कच्च्या जागेवरचे असतात.

सगळ्या विषयांना ही मांडणी लागू पडत नाही. भूगोलात गोदावरीच्या उपनद्यांचा प्रश्न चुकला, तर यादी पुन्हा वाचून काही होणार नाही. कोऱ्या कागदावर नदी काढा आणि पुस्तक न बघता उपनद्या जोडा: उजवीकडून दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा, तर डावीकडून कादवा, शिवना, पूर्णा, प्राणहिता, इंद्रावती. मुळा प्रवरेला मिळते आणि दुधना पूर्णेला, म्हणून "गोदावरीला थेट मिळणारी" असे शब्द असले की उत्तर बदलतं. एकदा नकाशा हातातून उतरला, की जोड्या लावा, क्रम लावा, डावी-उजवी, सगळं एकाच चित्रातून सुटतं. अर्थशास्त्रात चूक बहुधा व्याख्येच्या वापरात असते. राजकोषीय तुटीतून व्याजाची रक्कम वजा केली की प्राथमिक तूट मिळते, हे वाक्य पाठ असूनही प्रश्न चुकतो. तिथे स्वतःच काल्पनिक आकडे घेऊन छोटं अंदाजपत्रक मांडा आणि महसुली, राजकोषीय, प्राथमिक अशा तिन्ही तुटी काढा. महसुली तूट कुठे आली आणि का, ते एकदा हाताने काढलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

काही चुका मात्र अभ्यासाच्या नसतातच. "अयोग्य विधान ओळखा" असताना योग्य निवडणं, "फक्त", "सर्व", "केवळ" हे शब्द नजरेतून सुटणं, तिसऱ्या प्रश्नाचं वर्तुळ चौथ्यापुढे काळं करणं. अशा चुकांपुढे "सिली मिस्टेक" लिहून सोडून देऊ नका. प्रश्नातल्या "अयोग्य" किंवा "नाही" या शब्दाला पेनने गोल करण्याची सवय आजपासूनच लावा. मराठी पारिभाषिक शब्द अडला तर शेजारचा इंग्रजी प्रश्न वाचा, तो त्यासाठीच छापलेला असतो. पूर्ण पेपर सोडवताना उत्तरं नेहमी ओएमआरच्या, म्हणजे वर्तुळं काळी करायच्या उत्तरपत्रिकेच्या, छापील नमुन्यावर, काळ्या बॉलपेनने द्या. पेपर एकला शंभर प्रश्नांना दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात, आणि त्यातच वर्तुळ काळं करायचं असतं. गट ब आणि गट क च्या संयुक्त पूर्व परीक्षेत शंभर प्रश्नांना एकच तास, म्हणजे 36 सेकंद. तिथे तर हा सराव नसेल तर येणारे प्रश्नही हातचे जातात.

चुकांची वही ठेवा, पण ती लहान ठेवा. प्रश्न अख्खा उतरवू नका, स्पष्टीकरणही नको. डाव्या बाजूला स्वतः तयार केलेला छोटा प्रश्न, उजव्या बाजूला उत्तर, आणि पान दुमडता येईल अशी मांडणी. तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्याने उजवी बाजू झाकून ती पानं सोडवा. तिन्ही वेळा बरोबर आलेली नोंद खोडून टाका. वही जाड होत गेली तर समजा, की तुम्ही फक्त लिहिताय, परत बघत नाही. सुबक रंगीत नोंदींच्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचा परीक्षेत उपयोग झालेला क्वचितच पाहिला.

आता नेगेटिव्ह मार्किंग. "अंदाज मारू का?" हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्याचं अर्धं उत्तर गणितात आहे. राज्यसेवेत बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीला अर्धा वजा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर एका तुक्क्यामागे सरासरी 0.125 गुणाचा फायदा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर 0.33. दोन बाद झाले तर 0.75. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत चुकीला प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश हिस्सा वजा होतो, त्यामुळे तिथे आंधळ्या तुक्क्याची सरासरी शून्य येते आणि दोन पर्याय बाद झाल्यावर 0.67. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

उरलेलं अर्धं उत्तर तुमच्या स्वतःच्या नोंदींत आहे. वरचं गणित गृहीत धरतं, की उरलेल्या पर्यायांतून निवड निःपक्ष होते. तशी ती होत नाही. प्रश्न काढणारा एक पर्याय अर्धवट अभ्यास झालेल्यासाठीच ठेवतो, वरच्या उदाहरणातल्या 18 सारखा. म्हणून दोन पर्याय उरल्यावरही काही विद्यार्थी निम्म्याहून खूप कमी वेळा बरोबर येतात. राज्यसेवेत अंदाजाची उत्तरं पाचातून एकदा बरोबर आली तर नफा-तोटा समान होतो. तेव्हा प्रत्येक चाचणीनंतर द आणि त किती होते आणि त्यातले किती बरोबर आले, ते विषयवार लिहा. पाच-सहा पूर्ण चाचण्यांत चित्र स्पष्ट होतं. इतिहासात तुमचे द निम्म्याहून जास्त बरोबर येत असतील, तर तिथे बिनधास्त उत्तर द्या. विज्ञानात पाचातला एकही धड येत नसेल, तर तिथे हात आवरा. शेजारी बसणाऱ्या मित्राने 95 सोडवले की 75, याचा तुमच्याशी काहीही संबंध नाही.

पेपर दोनबद्दल थोडक्यात. सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचं आकलन आणि बुद्धिमापन यांचा हा पेपर, आता पात्रतेपुरता आहे, 200 पैकी 33 टक्के म्हणजे 66 गुण लागतात. 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. 30 बरोबर आणि 12 चूक आले तर 75 मधून 7.5 जाऊन 67.5 होतात. म्हणून सगळे प्रश्न सोडवायची घाई नको. आठवड्यातून एकदा पूर्ण दोन तास लावून जुना पेपर सोडवा आणि कुठले उतारे सोडायचे ते ठरवायला शिका. पण पात्रतेपुरता आहे म्हणून तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. पेपर एकला चांगले गुण असूनही इथे अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात, आणि त्यांना समजावायला माझ्याकडे शब्द नसतात.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिथे पर्यायांवरचा सराव पुरणार नाही, उत्तर लिहावं लागेल. तरी चुकीमागचं कारण शोधायची ही सवय तिथेही कामी येते. गुण का कापले, हे तपासणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढचं उत्तर लिहू नका.

पुस्तकांकडे परत कधी जायचं? एखाद्या घटकात सलग दहा-बारा प्रश्नांपुढे ख हे अक्षर येतच नसेल, तेव्हा. तिथे प्रश्नांनी दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, मुळात वाचनच झालेलं नसतं. तो एक घटक नीट वाचा, पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहा आणि मग त्याचे प्रश्न घ्या.

आणि नवी टेस्ट सिरीज लावण्याआधी, तुमच्याकडे पडून असलेल्या शेवटच्या पाच चाचण्या काढा. त्यांची उत्तरं झाका आणि ख, द, त लिहीत पुन्हा सोडवा. जुन्या वेळी चुकलेले आणि आताही चुकलेले प्रश्न वेगळे काढा. पुढच्या तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम तोच असेल.